शारदाक्कांचे सोंडकिडे

शारदाक्का अळ्यांचं जेवण आधी स्वतः चाखत. केळीच्या खोडाची पूड, हरभऱ्याचं पीठ, यीस्ट आणि मिश्रण घट्ट करणारं अगर एकजीव झालं की बुरशीनाशक घालण्याआधी त्या चिमूटभर जिभेवर ठेवायच्या. पुण्याहून बंगळूरच्या प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झालेली मी. मला शिसारीच आली. "स्वल्प कडू झालंय," त्या म्हणाल्या. "आपण नाक मुरडायचं आणि अळीनं मुकाट्यानं खायचं, हा कुठला न्याय गं?"

अक्का चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. केळीचं खोड पोखरणारे सोंडकिडे त्यांनी या खाद्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवले होते. बागेत वापरायचं कुठलंही नवं औषध आधी त्यांच्यावर तपासलं जाई. किडे चांगले गुटगुटीत होते. पाहुणा आला की प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे साहेब, त्याला आधी त्यांच्या ट्रेंचा रॅक दाखवत.

निवृत्तीच्या वर्षी अक्कांनी आपणहून काही किडे ताज्या खोडावर सोडले. बागेतून आणलेले किडे लगेच आत शिरले. आमचे नुसतेच वर फिरत राहिले. त्यांच्या अळ्याही खोड न पोखरता मेल्या. अक्कांनी पुन्हा करून पाहिलं. तेच.

"हे आता केळीचे किडे राहिले नाहीत," त्या म्हणाल्या. "यांच्यावर तपासून शेतकऱ्याला काय सांगायचं?"

साहेबांनी समजावलं, जाता जाता कशाला उगाच, नंतर बघू.

"नंतर म्हणजे हिच्या गळ्यात," माझ्याकडे बोट दाखवून अक्का म्हणाल्या. "ते सरी नाही, बरोबर नाही."

किडे मरावेत म्हणून सगळे ट्रे त्यांनी स्वतः फ्रीझरमध्ये ठेवले. मला हात लावू दिला नाही. मग हात धुऊन डब्यातलं चित्रान्न रोजच्यासारखं खाल्लं. मी मात्र डबा उघडलाच नाही. फार वाईट वाटलं.

बागेतून नवे किडे आणले, पण त्यांच्या अळ्यांना आमचं खाद्य मानवेना. निरोपसमारंभाच्या दिवशी रॅक रिकामाच होता. तरी साहेब भाषणात म्हणाले, अक्कांनी संस्थेला सोंडकिड्यांचा अखंड वंश दिला. टाळ्या पडल्या. अक्का शाल सावरत उठल्या आणि शांतपणे कन्नडमध्ये म्हणाल्या, "अखंड नाही, सर. तो मीच संपवला. रॅक रिकामा आहे, कुणीही जाऊन बघा."

अक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि हळूच मराठीत म्हणाल्या, "आता तुला झाकायला काही उरलं नाही. उद्यापासून नव्या किड्यांच्या कामाला लाग."