सुकरीच्या जन्माचं साल

सुकरी जन्मली ते साल छप्पन्याच्या, म्हणजे इंग्रजी १८९९ च्या, दुष्काळाचं. दाभोशाच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला, नदीच्या कड्यावर दहा-बारा झोपड्यांचा पाडा होता, तिथली ही पोर. त्या साली पावसाने जेमतेम मृग दाखवला आणि मग तोंड फिरवलं ते फिरवलंच. नागलीचं रोप वीतभरही वाढलं नाही. लोकांनी डोंगर उकरून कडूकंद काढले, पाणी बदलून बदलून उकडले आणि खाल्ले. तेही संपले. बाप घाटावर मजुरीला म्हणून गेला आणि परतलाच नाही. मग जव्हारला धान्य वाटतात अशी हूल उठली, तेव्हा सुकरीची आई नऊ महिन्यांचं पोट सांभाळत, चार वर्षांच्या मुलाचं बोट धरून चालत निघाली. वाटेत एका ऐनाच्या झाडाखाली ती बाळंत झाली. मुलगा दुसऱ्या दिवशी गेला, आई तिसऱ्या. बरोबर गेलेली आजी, रुपी, तेवढं एक पोर लुगड्यात बांधून माघारी आली.

"दाणा आणायला गेली नि हे घेऊन आली," कुणीतरी पाड्याच्या तोंडाशीच म्हणालं.

ते बोलणं सुकरीला जन्माचं चिकटलं. आभाळाला जाब विचारता येत नाही, पण पोरीला विचारता येतो. जन्मली आणि घर खाऊन बसली, असं लोक म्हणत. पेरणीचा पहिला दाणा तिच्या हातून कुणी पडू देत नसे. कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, पूजा असली की तिला पाड्याबाहेर नदीवर धाडत. आजी बोलणाऱ्यांशी भांडे, पण घरी आल्यावर कधीकधी तीही पोरीकडे बघत बसे आणि मग चुलीत फुंकर घाली.

लग्न झालं तेही नशिबानेच. वांगणीकडचा लाडक्या नदीवर मासे धरायला आला होता. त्याला लोकांनी सगळं ऐकवलं. तो हसला.

"मी पण त्याच साली जन्मलो," तो म्हणाला. "माझा बा पण मेला त्या साली. मला कोण काय नाय बोललं."

सुकरीने हे पहिल्यांदाच ऐकलं. आपल्यासारखं दुसरंही कुणी असेल, हे तिला सुचलंच नव्हतं. लाडक्या घरजावई म्हणून राहिला. पाच-सहा वर्षं बरी गेली, फक्त मूल राहत नव्हतं. राहिलं ते नेमकं वाईट साली.

दूर कुठेतरी साहेबाची लढाई चालू होती, ती चौथ्या वर्षीही मिटली नव्हती. बाजारात कापड मिळेना, मीठ मिळेना. पाऊस श्रावणातच आटला. आणि मग खालून, बंदराकडून, एक नवा ताप आला. माणसाची मान धरत नसे, अंग काळंनिळं पडे आणि चार दिवसांत खेळ आटपे. लोक त्याला मानमोडी म्हणू लागले. दसरा तोंडावर आला तेव्हा लाडक्या हिरडा घेऊन जव्हारच्या बाजाराला गेला. तो परत आला तो मान खांद्यावर टाकूनच.

"दुकानं बंद हायत," एवढंच तो म्हणाला आणि आडवा झाला.

चौथ्या दिवशी तो गेला. आजीने, सुकरीच्या डोसीने, त्याच्या तोंडात पाणी घातलं होतं. दोन दिवसांनी तीही गेली. तोवर पाड्यावर दर घरात एक-दोन माणसं आडवी होती. खांदा द्यायला कुणी उरलं नव्हतं. लाडक्याला सुकरीने आणि सुकीने, दोघींनी, गोधडीवर घालून ओढत नदीपर्यंत नेलं.

ही सुकी पाड्याची नव्हती. नदीच्या पलीकडे, ना शेत ना बांध, अशी कोळशाच्या भट्ट्यांवर राबणारी चार कुटुंबं राहत. सुकी त्यांतली. तिच्या हातचं पाणी पाड्यावर कुणी घेत नसे. तिचा नवरा देवजी मोखाड्याकडे भट्टीवर अडकलेला, आणि तिचं दोन महिन्यांचं लेकरू आठ दिवसांपूर्वी याच तापात गेलेलं. ती पाड्यावर आली होती ती मूठभर नागली मागायला. आली तर ओढायला प्रेत, आणि मग सुकरीजवळच राहिली.

आजी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, सूर्य डोक्यावर असताना, सुकरीला कळा सुरू झाल्या. तिच्या अंगातही ताप होता. सुईण कोंडी स्वतःच बेशुद्ध पडलेली. शेवटी सुकीनेच केलं सगळं. मुलगी झाली. बारीक, पण रडणारी.

सुकरीला दूध आलंच नाही. तिने पोरीला छातीशी धरलं, पुन्हा धरलं. पोर ओढून ओढून थकली आणि तिचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं झालं. सुकी कोपऱ्यात पाठ करून बसली होती. तिची चोळी पुढून ओली झाली होती. दोघींनाही ते दिसत होतं.

तेवढ्यात अंगणात पाड्याचा भगत पोश्या येऊन उभा राहिला. काठीवर सगळा भार टाकून उभा. त्याचेही डोळे तापाने तांबारलेले होते.

"पोर झाली?"

"झाली," सुकरी म्हणाली.

"सुकरे, तू आलीस तेव्हा तसं झालं. आता तुझ्या पोटचं आलं तेव्हा हे." त्याचा आवाज फाटत होता. "तिला नदीवर ठेवून ये. पाडा वाचंल. मी हात जोडतो."

"नाय."

"मग त्या बाईचं दूध नको पाजू. पाजलंस तर तुला या पाड्यात जागा नाय."

"पोश्याबाबा, पोर जन्मायच्या आधी लाडक्या मेला. डोसी मेली. हिने काय केलं?"

भगत खाली बसला. मातीतच बसला. "माझ्या घरात पाच गेली," तो म्हणाला. "दोन्ही लेक गेले. मी कोंबडी दिली, बोकड दिला, देव बोलत नाय. कायतरी कारण पाहिजे ना गं मला. नायतर मी काय करू?"

सुकरीला त्याची कीव आली. जन्मभर ज्याची भीती वाटली तो माणूस इतका लहान असेल, असं तिला वाटलं नव्हतं. पण पोर आता रडतही नव्हती. ती भिंतीला धरून उठली, दोन पावलं टाकली आणि पोरीला सुकीच्या मांडीवर ठेवलं.

"पाज," ती म्हणाली.

सुकीने एकदा भगताकडे पाहिलं आणि चोळीची गाठ सोडली.

पोश्या त्याच आठवड्यात गेला. तरी त्याचा शब्द राहिला. ताप ओसरला, वाचलेली माणसं उठली, आणि सुकरीच्या दारावरून मान वळवून जाऊ लागली. शेतात जी थोडी नागली आली होती ती कापायला कुणी हात लावला नाही. दोघी बायकांनी मिळून कापली. निम्मी तोवर गळून मातीत गेली होती. एक दिवस सुकरी पाण्याला गेली तर बायका हंडे उचलून निघून गेल्या. कोंडी सुईण तेवढी मागे रेंगाळली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "जा गं बाय कुठंतरी. इथं तिला वाढू द्यायचे नायत."

माघात देवजी बायकोला न्यायला आला. सुकी पोरीला सोडायला तयार होईना आणि पोरीला सुकीशिवाय जगणं नव्हतं. सुकरी दिवसभर उंबऱ्यावर बसून राहिली. समोर तिचं शेत होतं, आजीच्या आज्याने दगड वेचून केलेलं. संध्याकाळी तिने सुकीला विचारलं, "भट्टीवर मला काम येईल का?"

"येईल," सुकी म्हणाली. "पण धूर लई असतो."

तिघं नि एक तान्हं अशी ती माणसं मोखाड्याकडे गेली. शेत पुढे कुणी धरलं ते सुकरीने कधी विचारलं नाही. भट्टीवर ती लाकडं रचायची, माती लिंपायची, कोळसा पाटीत भरून डोक्यावर वाहायची. जमीन असलेल्या घरातली बाई कोळशात आली म्हणून तिथेही तिला सुरुवातीला कुणी जवळ केलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तिला खोकला धरला, तो सुटला नाही.

पोरीचं नाव रामी. ती दोघींनाही आई म्हणे. सात-आठ वर्षांची झाली तेव्हा भट्टीवरच्या एका म्हाताऱ्याने तिला "मानमोडीची" म्हणून हाक मारली. रामी धावत सुकरीकडे आली.

"आये, मी झाली तेव्हा काय झालं होतं?"

सुकरीने पाटी खाली ठेवली. तिने पाऊस सांगितला, लढाई सांगितली, कोणकोण गेलं त्यांची नावं सांगितली. लाडक्या, डोसी, पोश्याचे दोन लेक, सुकीचं लेकरू. काही लपवलं नाही. सांगताना खोकला येत होता, म्हणून मधे मधे थांबावं लागलं. रामी सगळं ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "आणि सुकीआयेच्या लेकराचं नाव काय होतं?"

ते सुकरीला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने ते विचारलंच नव्हतं. ती उठली आणि भट्टीच्या पलीकडे, जिथे सुकी माती कालवत होती, तिकडे चालू लागली.