साहेबांच्या घरची लाईन

नमस्कार. इथे इतरांचे अनुभव मी दोनेक वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. आधी एक सांगते... मी भुताखेतांना मानणारी नाही. माझं कामच मीटर लावून बघायचं आहे. मीटर दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला.

मी टेलिफोनच्या लाईनवर कंत्राटी टेक्निशियन आहे. मालवण तालुका, मसुऱ्याहून कालावलच्या खाडीकडे रस्ता उतरतो त्या पट्ट्यातली गावं माझ्याकडे. ही गोष्ट आमच्याकडे फायबर यायच्या आधीची. तेव्हा इंटरनेट यायचं ते जुन्या तांब्याच्या केबलवरून — ज्या दोन तारांवर फोन, त्याच दोन तारांवर ब्रॉडबँड. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब तितका स्पीड कमी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझे बाबा याच खात्यात केबल जॉइंटर होते. जमिनीखाली केबल जोडायचं काम. मी दहावीत असताना स्टोअरमधून तांब्याच्या केबलचा एक अख्खा ड्रम नाहीसा झाला आणि तेव्हाच्या साहेबांनी बाबांचं नाव वर कळवलं. बाबांचं म्हणणं एकच — ती केबल साहेबांच्या नव्या घराकडे टाकली, साहेबांनीच तोंडी सांगितलं होतं. साहेब म्हणाले, माझ्या घरची लाईन जुन्या केबलची आहे, हा माणूस खोटं बोलतोय. खणून बघायला कोणी गेलं नाही. बाबा सस्पेंड झाले. बाजारात लोक त्यांना 'तांबेवालो' म्हणायला लागले. चौकशी चालूच राहिली आणि तिसऱ्या वर्षी बाबा गेले. हार्ट अटॅक.

खरं सांगायचं तर मलाही कधी कधी वाटायचं... विकला असेल का त्यांनी ड्रम? हा विचार मनात यायचा आणि मग साहेबांचा राग दुप्पट यायचा.

साहेब मूळचे घाटावरचे, पण रिटायर होऊन इथेच राहिले. काजूच्या बागेत शेवटचं घर. मी या कामाला लागले तेव्हा तो भाग माझ्याकडेच आला. त्यांना मी कोणाची मुलगी ते ठाऊक नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललं, आणि साहेब लोक लाईनवाल्यांच्या पोरांचे चेहरे थोडेच लक्षात ठेवतात.

एका मे महिन्यात त्यांची तक्रार आली, नेट सारखं तुटतं. मी ती मुद्दाम सगळ्यात खाली टाकली. नऊ दिवस. रोज त्यांचा फोन यायचा, आवाज दर दिवशी थोडा नरम झालेला, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

दहाव्या दिवशी दुपारी गेले. घरात त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली, बोलणंही अडखळत. मुलगी कॅनडात. रोज चार वाजता टॅबवर मुलीशी बोलणं, एवढाच त्या बाईंचा दिवस. मी राऊटरपाशी बसले. दिवा हिरवा, स्थिर. बाई मुलीशी बोलत होत्या, चित्र स्वच्छ. साहेब अंगणातून आत आले, खुर्ची ओढली, "हॅलो बेटा" म्हणाले... आणि दिवा लुकलुकायला लागला. लाईन तुटली.

साहेब वैतागून बाहेर गेले. दोन मिनिटांत लाईन परत आली. पुन्हा आले, पुन्हा गेली.

मला आधी हसू आलं. मग मी राऊटर बदलला, फोन आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर बदलला, भिंतीतली वायर बदलली. साहेबांना मोबाईल बाहेर ठेवायला सांगितलं, कानाचं मशीन काढायला लावलं, चपला काढून यायला लावलं. तीन दिवस रोज चारला जाऊन मी हे केलं. मी बोलले, बाई बोलल्या, शेजारीण येऊन बोलली — काही होत नव्हतं. साहेबांनी तोंड उघडलं की लाईन खलास. तिसऱ्या दिवशी साहेब हळूच म्हणाले, "हे माझ्याच बाबतीत का होतंय?" मी म्हटलं, केबल जुनी आहे.

मग मीटर लावला. हा मीटर तारेत दोष किती अंतरावर आहे ते दाखवतो. साहेबांना खोलीत बसवून बोलायला लावलं. आकडा आला एकसष्ट मीटर. ते बाहेर गेले की तार निर्दोष. पुन्हा आत — एकसष्ट. दर वेळी एकसष्ट.

टेपने मोजलं. त्यांच्याच कंपाउंडमध्ये, विहिरीच्या पुढे दुसऱ्या काजूखाली. मी पिकाव घेऊन खणायला घेतलं. साहेब म्हणाले, तिथे जॉइंट नाही, कशाला खणतेस. मी ऐकलं नाही. दीड हातावर केबल लागली आणि केबलवर जॉइंट. वरचं काळं कवच कापलं. आत कोरडं ठणठणीत, प्रत्येक तार नीट वळलेली, गंजाचा एक ठिपका नाही. असा जॉइंट बिघडूच शकत नाही.

आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी होती, जुने जॉइंटर ठेवायचे तशी. बाबांचं अक्षर. त्यांचं नाव, तारीख, ड्रमचा नंबर, आणि खाली — 'साहेबांच्या घरची लाईन, साहेबांच्या सांगण्यावरून.' केबलच्या अंगावरही तोच नंबर छापलेला. हरवलेल्या ड्रमचा. चौकशीच्या कागदावर वाचून वाचून तो मला पाठ होता.

मी खड्ड्यातच बसून राहिले. मग चिठ्ठी वर धरली.

"हे माझे बाबा," मी म्हटलं.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. मी जॉइंट होता तसा पुन्हा बंद केला, माती ओढली. ते आत गेले, बायकोशेजारी बसले आणि टॅबवर मुलीला फोन लावला. मी दारात उभी होते. ते म्हणाले, "बेटा, मी एका माणसावर खोटा आळ घेतला होता. त्याची मुलगी इथे उभी आहे." मग सगळं सांगितलं, काही न गाळता. अर्धा तास बोलले. लाईन एकदाही तुटली नाही.

मी सवयीने स्पीड बघितला. ते घर एक्स्चेंजपासून साडेतीन किलोमीटर. तिथे चार-पाच एमबीपीएसच्या वर मिळतच नाही. चोवीस दिसत होता. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. दोघा इंजिनिअरांना दाखवला. दोघेही म्हणाले, अंतर चुकीचं मोजलंस.

साहेबांनी खात्याला लेखी दिलं. एक प्रत मी आयेला वाचून दाखवली. ती मासे साफ करत होती, हात थांबले नाहीत. सगळं ऐकून म्हणाली, "हो कागद आता तेंका कोण वाचून दाखवतला गो?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कबूल केलं की झालं? बाबा गेले, आणि याला मात्र चोवीसचा स्पीड?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्त्यावरचा पिलर उघडला. पिलर म्हणजे लोखंडी पेटी, तिथे एक्स्चेंजकडून येणारी केबल आणि घराकडे जाणारी केबल एका छोट्या तारेने जोडतात. साहेबांच्या लाईनची ती तार मी उपटली. दोन्ही टोकं. बॅगेत टाकली आणि त्यांच्या फोनची वाट बघत बसले.

फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना, चार वाजता काहीतरी निमित्त काढून गेले. दिवा हिरवा. बाई मुलीला कोणत्यातरी भाजीबद्दल सांगत होत्या. एक्स्चेंजला फोन करून विचारलं, ते म्हणाले, पोर्ट चालू आहे, म्हणजे त्यांच्या टोकाला लाईन जिवंत दिसतेय. पिलरपाशी परत आले... जागा रिकामी. तार माझ्या बॅगेत. मधे हातभर हवा, आणि लाईन चालू.

एक्स्चेंजमधून थेट दुसरी जोडणी असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं. शोधली. नाही.

ती लाईन तशीच सगळा पावसाळा चालली. शेजारच्या दोन लाईन पाण्याने बंद पडल्या, ही नाही. श्रावण संपता संपता एका दुपारी बाई गेल्या. त्याच दुपारी पोर्ट डाऊन झाला, आणि मग कधीच वर आला नाही.

आये म्हणते, बाबांनी ती बाईंसाठी ठेवली होती. असेल. मला नाही सांगता येत. बाबांनी साहेबांना माफ केलं होतं का, की फक्त बाईंची कीव केली, हेही मला कळलेलं नाही. जे झालं त्याला माझ्याकडे आजही काही स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा.

साहेब अजून तिथेच राहतात, एकटे. मुलीशी बोलायला फाटकाबाहेर येऊन मोबाईल वर धरून रेंज शोधतात. गावात आता फायबर आलंय. त्यांचा अर्ज माझ्याकडे आहे, दीड वर्ष झालं. बाबांनी काय ठरवलं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझं अजून ठरलेलं नाही.