कुंकवाचं बोट

त्या संध्याकाळी देवीकडे मी नेमकं काय मागितलं, हे मला अजून सांगता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी पनवेलची, इंग्रजी शाळेत शिकलेली. मेडिकलची प्रवेशपरीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा सीट हुकली. मग गावदेवीच्या सभामंडपात गरजू मुलींचा मोफत क्लास चालतो, तिथे बायोलॉजी शिकवायला जाऊ लागले. मोरा बंदरावरून एसटीने येणारी दर्शना त्याच क्लासातली. तिची आई मासळी विकते. यंदा दर्शनाला सीट मिळाली. "ताई, आमचं घर गळतं, फाईल तुमच्याकडंच राहू दे," असं म्हणून तिने सगळी कागदपत्रं माझ्याकडे ठेवली.

प्रवेशाच्या आदल्या संध्याकाळी मी ती फाईल देवीच्या पायाशी ठेवली. चारचौघांत हात जोडायचा मला संकोच वाटतो, म्हणून गर्दी ओसरल्यावर गेले. 'हिचं होऊ दे' म्हणणार, तोच मनात आलं, माझं का नाही? तेवढ्यात गुरवकाकांनी प्रेमाने फाईल उघडून वरच्याच कागदाला कुंकवाचं बोट टेकवलं. बोट तेलकट होतं, आणि कागद जातवैधता प्रमाणपत्राचा. घरी येऊन डाग पुसायला गेले तर तो पसरला. नंबर आणि सही त्याखाली गेली. मी दर्शनाला फोन केला नाही. भीतीने, की आणखी कशाने, ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मी, दर्शना आणि तिची आई कॉलेजात गेलो. खिडकीवरच्या साहेबांनी कागद बाजूला सारला. "नंबर वाचता येत नाही. पाचपर्यंत दुसरी प्रत आणा, नाहीतर सीट जाईल." तीन वाजून गेले होते.

"काय झाला गो बाय?" दर्शनाच्या आईने मला विचारलं. डाग कसा पडला ते मी कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, "देवीचा कुंकू हाय. त्यानं वायट नाय व्हायचा."

मला तिच्याकडे बघवेना. डोळे मिटले, पण मागायला शब्द सुचेनात. 'तूच बघ' एवढंच मनात म्हटलं.

लादी पुसणारी एक मावशी मघापासून ऐकत-बघत होती. "सायेब, कोपऱ्यातला तो चौकोन चांगला हाय की. सकालपासून सगल्यांच्या कागदाला मोबाईल लावताव, हिच्या का नाय?"

"मावशी, आता खुर्चीवर तुम्हीच बसा," साहेब हसले. पण त्यांनी कागदाच्या कोपऱ्यातला क्यूआर कोड स्कॅन केला. दर्शनाचं नाव, नंबर, सगळं पडद्यावर आलं. डाग कोडच्या बोटभर अलीकडे थांबला होता.

दिवसभर फोन हातात असणाऱ्या मला हे का सुचलं नाही? याला कृपा म्हणायची, तर डागाला काय म्हणायचं? कळत नाही. आभार मानायला गेले तर मावशी म्हणाली, "पाय उचल आधी. लादी वली हाय."

परतताना एसटीत मी दर्शनाला देवीपुढे मनात आलेला तो विचार आणि न केलेला फोन, दोन्ही सांगून टाकलं. ती म्हणाली, "ताई, परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरणार ना?"

फॉर्म भरला आहे. देवीपुढे आता लोकांदेखत हात जोडते आणि काही मागत नाही. त्या दिवशी तिची सीट वाचली. मीही कशातून तरी वाचले. ते काय होतं, हे माझ्यापेक्षा देवीला जास्त ठाऊक असेल. ते तिच्याकडेच राहू दे.