सायत्राबाईंचं धुराडं

सायत्राबाई चूल पेटवण्याआधी गवताची काडी पेटवायच्या, फुंकर मारून विझवायच्या आणि तिचा धूर कुठं जातो ते बघत उभ्या राहायच्या. धूर धुराड्याकडे ओढला गेला की मगच लाकडं लावायच्या. "त्याले रस्ता पुसा लागते बाई," त्या मला म्हणायच्या, "नाही पुसला त थो आपल्या डोऱ्यात शिरते."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी एकोडीकडच्या एका गावात मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून रुजू झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, तीही अशाच एका वसतिगृहाच्या भातावर शिकलेली. सायत्राबाई तिथल्या स्वयंपाकीण. कुंभाराची लेक, विधवा, चाळीस मुलींची मावशी.

दिवाळीनंतर विटांच्या जुन्या धुराड्याला माळ्याजवळ तडा गेला. शेजारची सागवानी तुळई हात लावता येणार नाही इतकी तापायची, एका जागी ती काळीही पडली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी चूल बंद करायला लावली. नवं धुराडं पुढच्या वर्षी मंजूर होईल. पंधरा दिवसांत दुसरी सोय झाली नाही तर मुलींना घरी पाठवा, असं सांगून ते गेले. अंगणात तीन दगडांवर भात शिजू लागला आणि मी मुकाट्यानं पालकांना पत्र लिहायला बसले. सायत्राबाईंनी माझा हातच धरला.

"काय लिहून रायल्या? धान कापाचे दिवस आहेत. आता घरी गेलेली पोरगी तुमाले मांडवातच दिसल."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन धाकट्या भावाकडे, सोमाकडे गेल्या. आमच्याकडे कुंभार चाकावर निमुळती नळी काढतो, ओली असतानाच तिच्यावर दोन उभ्या रेघा ओढतो आणि वाळल्यावर ठोकून तिचे दोन कवेलू, म्हणजे छपराची कौलं, करतो.

"सोमा, या बारीले फाडू नोको. अख्खीच दे."

"अख्ख्या कवेलूनं कोनाचं छप्पर शाकारतेस? डोस्कं फिरलं का तुवं?" सोमा हसला. पण हो म्हणाला.

म्हणाला खरा, पहिल्या दहा नळ्यांवर त्याच्या हातानं सवयीनं रेघा ओढल्याच. सायत्राबाईंनी त्याची काडी हिसकावली, स्वतःच्या अंबाड्यात खोचली आणि चाकासमोर मांडी घालून बसल्या. "आता ओढ रेघ!"

नळ्या भाजून आल्या. जुन्या धुराड्याचं तोंड विटा-मातीनं बुजवलं. तुळईच्या लाकडापासून हातभर दूर, मातीच्या भिंतीला भोक पाडलं आणि नळीत नळी बसवत धुराडं बाहेरून वर नेलं. प्रत्येक नळीचं निमुळतं तोंड खालच्या नळीच्या आत. "आतलं कारं पानी आतच रायते," काजळीचं पाणी सांध्यातून बाहेर गळत नाही, असा त्यांचा हिशोब. सांधे माती-कोंड्यानं लिंपले. वळचणीपर्यंत पोचल्यावर मी म्हटलं, "पुरे झालं."

"कायले पुरे? छपराच्या माथ्यावर नाही गेला त वारा त्याले दाबते. सोमा, अजून तीन आन!"

सगळ्यात वर, पाऊस आत येऊ नये म्हणून, बाजूला भोकं पाडलेलं मडकं उपडं बसलं.

पंधराव्या दिवशी साहेब आले. स्वयंपाकघरात उभे राहून मला म्हणाले, "चूल चालू असताना बघायचं होतं मला. पेटवा ना."

सायत्राबाईंनी गंजावरचं झाकण उचललं. भात रटरटत होता. "हा का हवेवर शिजून रायला, साहेब? जरा खाली वाका."

साहेब वाकले, जाळ पाहिला. मग स्टूल मागवून तुळईवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. बाहेर जाऊन मान वर केली. मुली अंगणात त्यांच्यासारख्याच माना वर करून उभ्या.

"राहू द्या मुलींना," ते म्हणाले.

असा गलका झाला की झाडावरचे कावळे उडाले. मुलींनी मावशीला वेढा घातला. "सरका वो, भात करपल!" त्या ओरडत होत्या, पण पदर डोळ्यांना होता. त्या स्वयंपाकघरात डोळे पहिल्यांदाच धुरावाचून पाणावले होते.

त्या वर्षी एकही मुलगी शाळा सोडून गेली नाही. सायत्राबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला आठवते ती साहेब येऊन गेले त्याच दिवशीची संध्याकाळ. चूल पुन्हा पेटवायची होती. गवताची काडी त्यांनी बाजूला ठेवली आणि माझ्यापुढे हात केला.

"थे पत्र आना."

अर्धवट लिहिलेला तो कागद मी दिला. त्यांनी तो पेटवला, विझवला, चुलीच्या तोंडाशी धरला. धूर जराही न घुटमळता आत ओढला गेला. आम्ही दोघी धावत अंगणात आलो. छपराच्या माथ्यावर, मडक्याच्या भोकांतून, माझं पत्र आभाळात चाललं होतं.