बिनकिल्लीची जीप

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमची जीप दिसते. आत्ताही हे तिच्यात बसलेत. इंजिन सुरू आहे आणि गाडी जागच्या जागी थरथरते आहे. रोज सकाळी हेच. नाहीतर बॅटरी उतरते म्हणे.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी ती लष्कराच्या लिलावातून आणली. पासिंगसाठी लष्करी हिरवा रंग बदलून पांढरा द्यावा लागला, पण जरा ओरखडा पडला की आतला हिरवा वर येतो. मला मात्र नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. तिला किल्लीच नाही! नुसतं बटण. गोळ्या सुटत असताना किल्ली कोण शोधत बसणार? जो चढेल त्यानं निघावं, म्हणून तिला तसंच घडवलेलं.

आणि म्हणूनच, कुणीही नेईल या धास्तीनं, ह्यांनी तिच्या स्टिअरिंगला साखळी घालून कुलूप लावलंय. कुलपाची किल्ली ह्यांच्या जानव्याला. क्षणात सुटायला घडवलेल्या गाडीच्याच नशिबी साखळी यावी, याचं मला कालपर्यंत हसू यायचं.

काल लेकीचा फोन आला, स्पीकरवर ठेवला. "बाबा, या ना चार दिवस राहायला."

"आणि जीप कोण सुरू करणार?" हे म्हणाले.

"मग आई, तू तरी ये गं."

"अगं, ह्यांच्या जेवणाचं काय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

खाली इंजिन बंद झालं. साखळी वाजली, कुलूप लागलं. हे आता वर येतील.

मी चहाचं आधण ठेवलं.