मागची माणसं

डोंगरातल्या चालण्याचा तिसरा दिवस. दोन दिवसांत माणूस दिसलं नव्हतं. खिंडीखालच्या धनगराच्या घरापाशी सॅक उतरवली, तर घरातल्या बाईने न विचारता ताक पुढे केलं.

"मागची मान्सं कुठवर आली, दादा?"

या वाटेने एकटं कुणी येत नाही, हे तिला ठाऊक. पूर्वी आम्हीही चौघं यायचो. आता एकाचे गुडघे गेले, एक परदेशी स्थिरावला, आणि एकाचा भिंतीवर फोटो आहे. हे सगळं तिला कुठे सांगत बसायचं?

"येताहेत," म्हणालो आणि निघालो.

वरच्या वळणावरून पाहिलं. ताकाचा तांब्या झाकून ठेवून ती अजून दारात उभी होती, वाटेकडे बघत.

मग मीही दगडावर टेकलो आणि त्याच वाटेकडे बघत राहिलो.