टॅबवरचा कावळा

टॅब हातात आला की आमच्या बाई आधी अंगठ्याने कडेचं बटण दाबून त्याचा आवाज बंद करत. मग वर्गाला म्हणत, "त्याला गप्प बसू दे, मी बोलते." बटण दाबताना त्यांचा चेहरा एखाद्या आगाऊ पोराचा कान धरल्यासारखा असे.

हुबळीतली आमची शाळा तशी लहान. मी कन्नड वर्गावर, बाई शेजारच्या मराठी वर्गावर, मध्ये एक पातळ भिंत. माझ्या घरची भाषा मराठी, पण नोकरी कन्नडची. मी त्यांना अक्का म्हणायचो. मळमड्डीहून रोज बसने यायच्या आणि फाटकातून आत शिरतानाच घसा साफ करायच्या.

टॅब आले ते कन्नड आणि इंग्रजी घेऊन. मराठीचा त्यात पत्ता नव्हता. बाईंनी वर विचारून पाहिलं. 'पुढे येईल' असं उत्तर आलं. पुढे म्हणजे कधी, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

मग बाई स्वतःच कामाला लागल्या. पडद्यावर ससा तोंड हलवी आणि त्या त्याला सर्दी झालेला आवाज देत. हत्ती आला की थेट हेडमास्तरांचा आवाज: "मुलांनो, शांतता! शांतता जमत नसेल तर निदान गोंधळ कमी!" एकदा खुद्द हेडमास्तर दारात उभे राहून ऐकत होते. बाईंनी हत्तीचं वाक्य पुरं केलं आणि मगच त्यांना नमस्कार केला. हसले बिचारे. भिंतीच्या अलीकडे माझा टॅब छापील कन्नड बोलत असे, आणि माझी पोरं भिंतीला कान लावून बसत.

अडचण निराळीच होती. टॅब प्रश्न विचारी, त्याचं उत्तर पोरांनी तोंडाने द्यायचं. कावळ्याचं चित्र आलं की तो कन्नडमधलं 'कागे' ऐकायला टपलेला असे. बाईंची पोरं एका सुरात ओरडत, "कावळा!" की पडली लाल फुली. हे लाल-हिरवं थेट वर ऑफिसात जाई, आणि दर शनिवारी पालकांच्या मोबाइलवरही.

पोरांना 'कागे' येत नव्हतं असं थोडंच आहे? हुबळीतलीच पोरं ती, मैदानावर भांडायची ती कन्नडमध्येच. मी एकदा म्हटलं, "अक्का, कन्नडमध्ये सांगू द्या की त्यांना. हिरवं होऊन जाईल."

"आणि सगळं हिरवं झालं की वरचे काय म्हणतील?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"म्हणतील, पोरांना कन्नड छान येतंय की, मराठी वर्ग कशाला? आणि लाल झालं तर म्हणतील, पोरं ढ आहेत, वर्ग बंद करा. सांगा मास्तर, काय करू?" मग स्वतःच हसल्या. "बिडरी," कन्नडमध्ये म्हणाल्या, "असू दे. कावळ्याला कावळाच म्हणू देत."

इकडे आड तिकडे विहीर हे मी लहानपणी पाठ केलं होतं. समोर पाहिलं ते त्या दिवशी.

पुढे एका मुलीची आई मोबाइल घेऊन आली. कमरीपेठेत शिवणकाम करणारी. "बाई, घरी एवढी चुरूचुरू बोलते ही. मग सगळं लाल कसं?"

"ते लाल मशीनचं आहे, पोरीचं नव्हे."

"पण मोबाइल कशाला खोटं सांगेल?"

बाईंनी मुलीला जवळ घेतलं आणि कविता म्हणायला लावली. तिने खणखणीत म्हटली. आईने डोळे पुसत ऐकली, आणि पुढच्या आठवड्यात पोरीला माझ्या वर्गात घातलं. एकाने वाट धरली की बाकीचे निघतातच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मराठी वर्ग उघडला नाही. उरलेली पोरंही माझ्याकडे आली. बाईंना ऑफिसात बसवलं, शाळांची माहिती कॉम्प्युटरवर भरायला. जाण्याआधी त्यांनी एकेक टॅब पदराने पुसून कपाटात ठेवला.

मध्यंतरी त्या बसस्टॉपवर भेटल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. मी विचारलं, "घसा बसलाय का अक्का?"

"बसला नाही हो. वापर नाही त्याला." एवढं बोलून त्या बसमध्ये चढल्या. मी तिथेच उभा राहून रडलो, लोकांची लाज न धरता.

परवा वर्गात टॅब लावले. कावळा आला. त्या शिवणकामवालीच्या मुलीने अंगठ्याने कडेचं बटण दाबलं आणि टॅब गप्प झाला. मग तिने मान वर केली. बाईंची बाकीची पोरंही माझ्या तोंडाकडे बघत बसली. मला मराठी येत नव्हतं असं नाही. पण निकाल वर जातो, आणि माझा वर्गही कुणीतरी बघत असतं.

"आवाज वाढव, बाळ," मी कन्नडमध्ये म्हणालो.

तिने वाढवला. टॅबने विचारलं. "कागे," सगळी एका सुरात म्हणाली, आणि सगळ्यांचं हिरवं झालं.